काच कुणाची? लग्नाच्या फोटोची निगेटिव्ह आणि तिचे वारस

लग्नाच्या जुन्या फोटोचं पुठ्ठ्याचं कार्ड उलटून पाहिलं की मागे बहुधा दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे स्टुडिओचं नाव आणि गाव, छापलेलं किंवा रबरी शिक्क्यानं उमटवलेलं. दुसरी म्हणजे पेन्सिलीनं घाईत टाकलेला एक आकडा. घरातली माणसं पुढच्या बाजूचे चेहरे ओळखण्यात गुंतलेली असतात, त्यामुळे या आकड्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो निगेटिव्हचा क्रमांक असतो. आणखी प्रत हवी असली तर हा आकडा घेऊन या, मूळ आमच्याकडे आहे, असा त्याचा अर्थ.

मूळ फोटोग्राफरकडे आणि प्रत आपल्याकडे ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे, की ती कधीतरी सुरू झाली असेल असं मनातही येत नाही. आज लग्न ठरलेल्या घरांत तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारला जातो. फोटोग्राफरकडून सगळ्या मूळ फायली मागून घ्यायच्या, की त्यानं निवडून सजवून दिलेला अल्बम पुरे? फायली घेतल्या तर त्या छापायच्या कुणी आणि कधी? या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा पॅकेजच्या दरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला तर दराची घासाघीसही जरा वेगळी होईल, असं मला वाटतं.

फोटो जन्माला आला तेव्हा मूळ आणि प्रत हा भेदच नव्हता. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटे. ते एकच. ज्यानं पैसे दिले त्यानं ते घरी न्यायचं, फोटोग्राफरकडे मागे काही उरत नसे. इंग्लंडात टॅलबटनं १८४१मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत मात्र आधी उलट छायेचा कागद तयार होई आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत. १८५१मध्ये आर्चरनं ओल्या कोलोडियनची काच आणली. तिच्यात दागेरच्या पत्र्याची स्पष्टता होती आणि टॅलबटच्या कागदाची प्रत देण्याची सोयही. तिथून पुढे फोटो दोन वस्तूंमध्ये विभागला गेला. पाहायची वस्तू गिऱ्हाइकाची झाली आणि घडवायची वस्तू कारागिराकडे राहिली.

मुंबईत हे ज्ञान फार लवकर पोचलं. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते आणि स्वतः फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. पण वर्ग निघणं वेगळं आणि मराठी घरातली नवी सून कॅमेऱ्यासमोर बसणं वेगळं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही समजूत दीर्घकाळ टिकली. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या कितीतरी आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला होता. कॅमेरा माणसातलं बळ ओढून घेतो या भीतीनं फोटोच्या धंद्यात त्यांचं गिऱ्हाईक बिचकलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

भीती ओसरली तरी विधींचा फोटो लगेच शक्य नव्हता. जुन्या संग्रहांत अंतरपाटाचा किंवा सप्तपदीचा फोटो जवळजवळ आढळत नाही. याचं कारण श्रद्धेत शोधण्यापेक्षा उजेडात शोधावं. घराच्या माजघरात किंवा मांडवाखाली तेव्हाच्या काचेला पुरेल इतका प्रकाश नसे. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडण्याची युक्ती १८८०च्या दशकाच्या अखेरीस निघाली, पण धूर आणि ठिणग्यांमुळे मांडवात ती कुणाला परवडणार? काचेच्या गोळ्यातला बंदिस्त फ्लॅश १९३०च्या सुमारास आला. तोपर्यंत लग्नाचा फोटो म्हणजे लग्न उरकल्यावर एक-दोन दिवसांनी, उत्तरेकडून उजेड येणाऱ्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला जोडीचा फोटो. नवरा खुर्चीवर, नवरी बाजूला उभी, किंवा याच्या उलट. एक किंवा दोन काचा. एवढंच मूळ.

ती काच स्टुडिओनं का ठेवून घेतली, याला धंद्यातली सरळ कारणं होती. पहिलं, काच घरी नेऊन गिऱ्हाईक करणार काय? तिच्यावरून प्रत काढायला अंधारी खोली, ब्रोमाइड कागद आणि हायपो लागे. दुसरं कारण जास्त रंजक आहे. काचेवर कारागिराची मेहनत चढलेली असे. निगेटिव्हच्या मसाल्याच्या बाजूवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं रिटचिंग करत. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरेल तिथे छापील फोटोत चेहरा उजळ येतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सावळा रंग हे सारं काचेवरच मिटवलं जाई. जुन्या जोडीफोटोतल्या नवऱ्या एकसारख्या गुळगुळीत आणि गोऱ्या दिसतात त्यामागे ही पेन्सिल आहे. म्हणजे ती काच हे अर्धवट तयार माल आणि हत्यार यांच्या मधलं काहीतरी होतं. लग्नपत्रिका छापून घेणारा छापखान्याकडे खिळे मागत नाही, तसंच हे, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच चुकीचं नव्हतं. फरक इतकाच की खिळे सोडवून दुसऱ्याच्या पत्रिकेत जुळवता येतात. काचेवरचा चेहरा एकाच घराचा असतो.

तिसरं कारण पैशाचं. पहिल्या प्रतीचा दर गिऱ्हाइकाला झेपेल असा ठेवायचा आणि नंतरच्या प्रतींवर कमवायचं हा स्टुडिओचा हिशेब होता. मोठी प्रत, हातानं रंगवलेली प्रत, कुणी वारल्यावर जोडीफोटोतून एकट्याचा चेहरा काढून केलेलं एन्लार्जमेंट, या सगळ्यासाठी काच लागे. छोट्या गावातल्या फोटोग्राफरची ती पेन्शनच होती.

मग कायदा काय म्हणत होता? इथे एक गंमत आहे. ती मराठी घरांना ठाऊक नव्हती आणि बहुतेक स्टुडिओंनाही नसावी. इंग्लंडच्या १८६२च्या कायद्यानं मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, लेखी करार वेगळा नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे दिला होता. १९११चा कायदा १९१४मध्ये काही बदलांसह हिंदुस्थानाला लागू झाला, तेव्हा तेच तत्त्व कायम राहिलं. या कायद्यानं फोटोचा कर्ता कोण हे ठरवताना, निगेटिव्ह तयार झाली त्या वेळी ती ज्याच्या मालकीची तो कर्ता, असं म्हटलं. हक्काची पन्नास वर्षंही निगेटिव्ह तयार झाल्यापासून मोजायची. आणि तरीही ज्यानं ती पैसे देऊन करवून घेतली तो हक्काचा पहिला मालक. स्वतंत्र भारताच्या १९५७च्या कायद्यानं कर्तेपण निगेटिव्हच्या मालकाकडून काढून फोटो घेणाऱ्याला दिलं. पण कलम १७मध्ये जुनं तत्त्व तसंच ठेवलं: कुणाच्या सांगण्यावरून मोबदल्यासाठी फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक तो सांगणारा. ब्रिटननं १९८८च्या कायद्यात हे तत्त्व सोडून हक्क फोटोग्राफरला दिला. मात्र खाजगी आणि घरगुती कारणासाठी काढवून घेतलेला फोटो त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध होऊ नये, एवढं संरक्षण काढवून घेणाऱ्याला ठेवलं. आपण जुन्या जागीच आहोत.

थोडक्यात, हक्क घराचा आणि काच स्टुडिओची. कायदा छापण्याच्या हक्काबद्दल बोलतो, काचेच्या ताब्याबद्दल बोलत नाही. घराला छापायचा हक्क होता पण ज्यावरून छापायचं ते नव्हतं. स्टुडिओकडे ते होतं, पण घराला न विचारता छापून विकण्याचा हक्क नव्हता. दोघांनी मिळूनच प्रत निघावी अशी ही रचना, कुणी न ठरवता झालेली.

काच परक्याच्या ताब्यात राहण्यातला धोका न्यायालयात फार लवकर पोचला होता. १८८८ साली इंग्लंडातल्या रॉचेस्टर गावी एका बाईंनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. फोटोग्राफरनं त्याच निगेटिव्हवरून नाताळची शुभेच्छापत्रं केली आणि दुकानाच्या काचेत लावली. पोलार्ड खटला म्हणून तो कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. तेव्हाच्या नियमानुसार लागणारी नोंदणी झालेली नसल्यामुळे कॉपीराइटवर दावा उभा राहत नव्हता. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी तरीही मनाई दिली. तुम्हाला निगेटिव्ह मिळाली ती ठरावीक प्रती देण्यासाठी, तिचा दुसरा वापर म्हणजे अध्याहृत कराराचा आणि विश्वासाचा भंग, असा त्याचा आशय. आपल्याकडे गावोगावच्या स्टुडिओंच्या शोकेसमध्ये नवऱ्यामुलींचे मोठे केलेले फोटो वर्षानुवर्षं लागलेले असत. त्यातल्या किती घरांना विचारलं होतं आणि किती घरांना त्यात भूषण वाटलं, हे दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

तरी स्टुडिओच्या ताब्याची एक बाजू मला जुने फोटो गोळा करता करता लक्षात आली, आणि ती मला या साऱ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते. लग्नाचा फोटो कोणत्या घराचा? कायदा म्हणतो, ज्यानं सांगितलं आणि पैसे दिले त्याचा. म्हणजे बहुतेक वेळा मुलीचा बाप, किंवा फोटोग्राफर वरपक्षानं आणला असेल तर मुलाचा बाप. जिचा फोटो, तिचं नाव या हिशेबात कुठेच नाही. अल्बम सासरी जाई. माहेरी एखादी कॅबिनेट प्रत आली तर आली. पुढे संबंध बिघडले, मुलगी लवकर गेली, जावयानं दुसरं लग्न केलं, तर सासरच्या भिंतीवरून तो फोटो उतरे. अशा वेळी माहेरच्या माणसाला व्याह्यांच्या दारात न जाता, नुसता क्रमांक सांगून, गावातल्या स्टुडिओतून लेकीच्या चेहऱ्याची प्रत मिळू शके. अनेक माहेरघरांत लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी काढलेल्या प्रती सापडतात. कागद नंतरचा, शिक्का नंतरचा, चेहरा मात्र लग्नातला. स्टुडिओ हा नकळत दोन घरांमधला तटस्थ ठेवीदार होता. मूळ कुणा एका पक्षाच्या कपाटात असतं तर यातल्या कित्येक प्रती निघाल्याच नसत्या.

पण ठेव ठेवीदाराइतकीच टिकते. मोठ्या पेढ्यांचंच पाहा. राजा दीनदयाळ यांच्या पेढीच्या काचेवरच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या, म्हणून त्या आज आहेत. कलकत्त्याच्या बॉर्न अँड शेफर्ड या जगातल्या अत्यंत जुन्या स्टुडिओला १९९१मध्ये आग लागली आणि संग्रहाचा मोठा भाग गेला. २०१६मध्ये तो स्टुडिओही बंद झाला. जिल्ह्या-तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओंच्या वाट्याला ना कला केंद्र आलं ना बातमी. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, जागा भाड्याची होती, काचांची खोकी जड. गरम पाण्यात बुडवून काचेवरचा मसाला खरवडला की खाली स्वच्छ काच मिळते, ती फोटोफ्रेमला चालते. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून एक्स-रे फिल्म घेणारे भंगारवाले तीही तोलून घेतात. एका गावात बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर मला हाफ प्लेट काचांची खोकी मिळाली. प्रत्येक काचेच्या कडेला क्रमांक आहेत. क्रमांकाची वही उंदरांनी खाल्ली. उजेडाकडे धरलं की काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची नवरी दिसते. कुणाची ते कळायचा मार्ग नाही.

ज्या काचा फुटल्या नाहीत त्यांच्या नंतर आलेल्या फिल्मची गत आणखी वाईट. सुरुवातीची नायट्रेट फिल्म आपोआप कुजते आणि भयंकर पेट घेते. तिच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म सुरक्षित म्हणवली गेली, पण उष्ण आणि दमट हवेत ती आक्रसते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या जुन्या कपाटांत हा वास मी अनेकदा घेतला आहे. या सगळ्यात सर्वांत टिकाऊ काय ठरलं? नीट धुतलेली, हायपो पूर्ण काढलेली, काळ्या-पांढऱ्या ब्रोमाइडवरची छापील प्रत. मूळ नव्हे, प्रत! संशोधक म्हणून मला मूळाचं प्रेम असायला हवं आणि ते आहेही, पण मला ज्या शेकडो लग्नांचे चेहरे पाहायला मिळाले ते बहुतांशी छापून वाटल्या गेलेल्या प्रतींमुळे. एक प्रत आत्याकडे गेली, एक मामाकडे, एक पुण्याला, एक इंदूरला. त्यातली कुठलीतरी वाचली.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सनं १९६७मध्ये उत्पादन सुरू केल्यावर 'इंदू'ची फिल्म आणि कागद देशी दरात मिळू लागला, फ्लॅश स्वस्त झाला, आणि दोन काचांच्या लग्नाचे आधी बारा, मग छत्तीस, मग दोन-तीनशे फोटो झाले. काळ्या पानांचा, मधे जाळीदार पातळ कागदाचा अल्बम त्या काळातला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कलर लॅब आल्या आणि एक विचित्र गोष्ट घडली. निगेटिव्हच्या पट्ट्या पहिल्यांदाच पाकिटातून घरी येऊ लागल्या. जे मूळ शंभर वर्षं स्टुडिओत अडकलं होतं ते अलगद गिऱ्हाइकाच्या हातात पडलं, आणि गिऱ्हाइकानं ते पाकीट फोटो काढून घेऊन फेकून दिलं. ज्यांनी ठेवलं ते आज भाग्यवान, कारण त्या काळच्या रंगीत प्रतींमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं वऱ्हाड तांबूस होतं. निगेटिव्ह बरी असेल तर त्या लग्नाचे रंग आजही पुष्कळसे परत आणता येतात.

आता डिजिटल. इथे मूळ ही वस्तूच उरली नाही, कारण फायलीची प्रत मूळाशी तंतोतंत तीच असते. तेव्हा फोटोग्राफरनं मूळ राखून ठेवण्याला जुनं तांत्रिक कारण राहिलं नाही. गिऱ्हाइकाला अंधारी खोली लागत नाही, कोणत्याही लॅबमध्ये पेनड्राइव्ह दिला की झालं. उलट फायली न घेण्यात नवा तोटा आहे. हल्लीच्या जाड पानांच्या अल्बममध्ये फोटो सुटे नसतात. चेहरे कापून, गुलाबाच्या नाहीतर राजवाड्याच्या पार्श्वभूमीवर चिकटवून एकच पान छापलेलं असतं. आजी बाजूच्या कोपऱ्यात अर्धी कापली गेली तर तिचा पूर्ण फोटो त्या अल्बममधून कधीच निघणार नाही. मूळ फाइल हवी ती यासाठी.

फोटोग्राफर नाही म्हणतात त्याची दोन कारणं त्यांच्याकडून ऐकली. एक, न निवडलेले, डोळे मिटलेले फोटो नावासकट फिरावेत असं कारागिराला वाटत नाही. हे मला मान्य आहे. कॅमेऱ्यातली कच्ची रॉ फाइल मागण्याचा हट्ट मी धरणार नाही. ती रिटचिंगआधीची काच आहे आणि तिला उघडायला खास सॉफ्टवेअर लागतं. निवडलेल्या, दुरुस्त केलेल्या, पूर्ण आकाराच्या जेपीजी फायली पुरेत. दुसरं कारण प्रतींच्या कमाईचं. तेही खरं, आणि म्हणून मूळ फायलींचे वेगळे पैसे मागितले तर ते खळखळ न करता द्यावेत. त्याची पेन्शन आपण घेतो आहोत.

मला खटकतं ते वेगळं. मी पाहिलेल्या काही छापील करारांत, सर्व हक्क फोटोग्राफरकडे राहतील, अशी ओळ होती. तिची भाषा अमेरिकेतल्या नमुन्यांवरून उचललेली दिसते. तिथे हक्क मुळातच फोटोग्राफरचा असतो, म्हणून ती ओळ आहे ती स्थिती फक्त सांगते. आपल्याकडे तीच ओळ 'उलट करार' ठरते आणि कलम १७नं दिलेला हक्क एका सहीनं जातो. आगाऊ रक्कम देताना ही ओळ वाचावी, आणि नको असेल तर सहीआधीच खोडून घ्यावी. फायली कोणत्या आकारात मिळणार, फोटोग्राफर त्या किती महिने सांभाळणार, आणि जाहिरातीत वापरायच्या तर वधू-वर दोघांना विचारून, एवढं चार ओळींत लिहून घेता येतं. दोघांना, नुसतं पैसे देणाऱ्याला नव्हे.

आणि मग छापावं. हार्ड डिस्क कपाटात ठेवली की काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी दहा वर्षांपूर्वीची सीडी आज कशात लावणार ते पाहावं. हजार फोटोंतले पन्नास-साठ निवडून, साध्या फोटो-कागदावर, सुटे, दोन संच करावेत. एक सासरी, एक माहेरी. स्टुडिओ आता मधला ठेवीदार राहिलेला नाही, तेव्हा ती सोय आपणच करायची. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, नावं आणि तारीख लिहावी. बॉलपेन उमटतं आणि शाई पुढे झिरपते. नवरीचं नाव लिहिताना माहेरचं नाव आणि आडनाव दोन्ही लिहावं. लग्नात नाव बदलण्याची रीत होती त्या काळातल्या फोटोंत मला सर्वांत कमी वेळा सापडलेली माहिती हीच आहे.